मूर्खांच्या बाजूने

कन्सोल उघडून, माउसने एकेक बटण दाबत ज्याने सर्व्हर उभा केला, त्याला आमच्या धंद्यात मूर्ख समजतात. तोंडावर कुणी तसं म्हणत नाही. पण त्याच्या कामाला ‘क्लिकऑप्स’ असं नाव पडलेलं आहे आणि ते उच्चारताना माणसं नाक मुरडतात. क्लाउडवरची प्रत्येक गोष्ट कोडमध्ये लिहिलेली असावी, तो कोड गिटमध्ये असावा, दुसऱ्या कुणीतरी तो तपासलेला असावा आणि मगच यंत्राने तो राबवावा, असा आमचा रिवाज आहे. या रिवाजावर माझी श्रद्धा आहे. तरीही हा लेख मी त्या मूर्खाच्या स्तुतीसाठी लिहितो आहे, आणि त्याच्यामागून येणाऱ्या दुसऱ्या एका मूर्खाच्याही. पहिल्याने हाताने जे उभं केलं ते न पाडता, न सुधारता, आहे तसं ओळ न् ओळ कोडमध्ये उतरवून घेणारा हा दुसरा. त्यालाही शहाणी माणसं वेळ वाया घालवणारा म्हणतात.

आधी पहिल्याबद्दल. अ‍ॅमेझॉनचा वेबवरचा कन्सोल आला २००९ मध्ये. ही सगळी मांडणी एका फाइलीत लिहून ठेवण्याची त्यांची सोय, क्लाउडफॉर्मेशन, आली २०११ मध्ये, आणि हॅशिकॉर्पचं टेराफॉर्म २०१४ मध्ये. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन जून २०१६ मध्ये सुरू झाला. पुण्यातला मायक्रोसॉफ्टचा त्याआधीच्या वर्षी. टेराफॉर्मची १.० ही आवृत्ती मात्र जून २०२१ मध्ये निघाली. म्हणजे मुंबईत सर्व्हर मिळू लागले तेव्हा हे हत्यार स्वतःला पूर्ण म्हणवून घ्यायला पाच वर्षं दूर होतं. त्या काळात हिंजवडीतल्या किंवा अंधेरीतल्या दहा माणसांच्या कंपनीत ज्याच्यावर सर्व्हर आणण्याचं काम पडलं, त्याने कन्सोल उघडला. एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटचा सगळा डेटा भारतातच ठेवायला सांगितलं आणि त्यासाठी सहा महिने दिले. अशा मुदतीखाली ज्याने काम केलं आहे त्याला, आधी फाइल लिहा, ती तपासून घ्या, मग सर्व्हर मागा, हा उपदेश कसा वाटेल ते सांगायला नको.

त्या माणसाच्या हातून काय झालं ते पाहायचं असेल तर अ‍ॅमेझॉनवरचं कुठलंही जुनं खातं उघडावं. ईसी-टूवर सर्व्हर घेताना तुम्ही वेगळा सिक्युरिटी ग्रुप निवडला नाहीत तर कन्सोल स्वतःच एक बनवून देतो आणि त्याला ‘लाँच-विझार्ड-१’ असं नाव देतो. पुढच्या सर्व्हरला ‘लाँच-विझार्ड-२’. या नावाचा ग्रुप नसलेलं जुनं खातं मी पाहिलेलं नाही. त्यात पुष्कळदा २२ नंबरचं पोर्ट ०.०.०.०/० असं साऱ्या जगाला उघडं असतं. हे धोक्याचं आहे आणि ते बंद करायलाच हवं. त्यावर पुढे येतो. पण त्याच ग्रुपच्या वर्णनात तो कोणत्या तारखेला, किती वाजता बनला ते कन्सोलने लिहून ठेवलेलं असतं, आणि बऱ्याच जुन्या ग्रुपांत वेळेच्या शेवटी +०५:३० ही भारतीय घड्याळाची खूण असते. खात्यातल्या हालचाली नोंदवणाऱ्या क्लाउडट्रेलचा आपोआप मिळणारा इतिहास ९० दिवसांचाच. वेगळा ट्रेल लावला नसेल तर त्यानंतर कुणी काय बनवलं हे खातं विसरून जातं. बनवणाऱ्याचं नाव पुसलं जातं, त्याने बटण दाबल्याची वेळ तेवढी त्या एका रकान्यात उरते. ती वेळ रात्री पावणेबाराची असते तेव्हा मला त्या माणसाबद्दल आदर वाटतो.

आदर वाटण्याचं कारण भावनेचं नाही. हाताने केलेल्या प्रत्येक विचित्र सेटिंगमागे बहुतेक वेळा एक खरी घटना असते. अ‍ॅप्लिकेशन लोड बॅलन्सरचा आयडल टाइमआउट मुळात ६० सेकंदांचा असतो. एखाद्या खात्यात तो ३०० दिसतो. कोडमध्ये वाढलेल्या नव्या इंजिनिअरला ही चूक वाटते, आणि तो पुन्हा ६० करायला निघतो. त्याने थांबून जुन्या माणसाला फोन केला तर साधारण असं बोलणं होतं:

“सर, तो लोड बॅलन्सरचा तीनशे सेकंदांचा टाइमआउट तुम्ही लावला होता का?”

“अरे हो. महिनाअखेरीला अकाउंट्सवाल्यांचा रिपोर्ट निघायचा ना, त्याला चार मिनिटं लागायची. मध्येच तुटायचं. वाढवून टाकला. अजून चालतोय तो रिपोर्ट?”

“चालतोय, सर.”

“मग राहू दे की.”

त्या ‘राहू दे की’मध्ये कंपनीचं सगळं ज्ञान आहे. ते कुठल्याही कागदपत्रात नाही. ते ३०० या आकड्यात आहे, आणि त्या आकड्याला हात लागेपर्यंत कुणाला ते दिसतही नाही. सिक्युरिटी ग्रुपात वर्णनाशिवाय पडलेला एखादा आयपी पत्ता, डेटाबेसच्या पॅरामीटर ग्रुपमधली एकच बदललेली किंमत, बकेटवर लावलेला कुठलासा नियम, या सगळ्यांत कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर आहे. ज्याने ते उत्तर शोधलं तो पुढे कंपनी सोडून गेला. उत्तर अजून काम करतं आहे. ग्राहक ज्यावर पैसे भरतात ती यंत्रणा त्याने उभी केली. त्याच्यानंतर आलेल्या आम्ही तिच्यावर मतं मांडली.

आता दुसरा मूर्ख. त्याला सगळ्यात आधी मिळणारा सल्ला असा: जुनं सोडून दे, शेजारी सगळं नवं कोडमधून स्वच्छ बनव, ट्रॅफिक तिकडे वळव आणि जुनं पाडून टाक. सर्व्हरच्या बाबतीत हे अनेकदा जमतं, आणि जमत असेल तिथे खुशाल करावं. पण खात्यात नुसते सर्व्हर नसतात. एस-थ्री बकेटचं नाव सर्व ग्राहकांत मिळून एकमेव असतं. बकेट पाडलंत तर तेच नाव परत मिळेल याची हमी नाही, दुसरं कुणीही ते घेऊ शकतं. आणि तुमच्या जुन्या मोबाइल अ‍ॅपमध्ये तर तेच नाव कोरलेलं आहे. इलास्टिक आयपी सोडून दिलात तर तोच पत्ता परत मिळेल याची खात्री नाही. तो पत्ता समोरच्या बँकेने त्यांच्या फायरवॉलमध्ये परवानगीच्या यादीत घातलेला असतो, आणि बँकेकडून ती यादी बदलून घेणं हे किती आठवड्यांचं काम आहे ते ज्यांनी केलंय त्यांना विचारा. रूट ५३ चा हॉस्टेड झोन पाडून पुन्हा बनवलात तर त्याला नवे चार नेमसर्व्हर मिळतात, आणि डोमेन जिथे नोंदवलंय तिथे जाऊन ते बदलेपर्यंत तुमच्या नावाने कुणाला काही सापडत नाही.

आयएएम रोलचं प्रकरण तर आणखी सूक्ष्म आहे. रोल पाडून त्याच नावाने नवा बनवला की दिसायला तो हुबेहूब तोच दिसतो. पण दुसऱ्या खात्याच्या ट्रस्ट पॉलिसीत ज्या रोलवर विश्वास ठेवलेला असतो, तो अ‍ॅमेझॉन आतून त्याच्या एकमेव ओळखक्रमांकाने साठवतं. नव्या रोलचा क्रमांक वेगळा. नाव तेच, माणूस मात्र दुसरा, आणि दार उघडत नाही. ग्राहकांची लॉगिन सांभाळणाऱ्या कॉग्निटोच्या यूजर पूलचं नुकसान तर भरून न येणारं. त्यातले वापरकर्त्यांचे पासवर्ड बाहेर काढताच येत नाहीत. तो पूल पाडून नवा बांधणं म्हणजे प्रत्येक ग्राहकाला नवा पासवर्ड घ्यायला लावणं.

म्हणून आहे ते आहे तिथेच ठेवून त्याची नोंद करणारा मूर्ख लागतो. टेराफॉर्मला तीन गोष्टींचा मेळ ठेवायचा असतो: क्लाउडवर प्रत्यक्षात काय आहे, तुम्ही फाइलीत काय लिहिलं आहे, आणि फाइलीतलं कुठलं नाव प्रत्यक्षातल्या कुठल्या वस्तूचं हे सांगणारी स्टेट फाइल. जमीन कुणीतरी वर्षानुवर्षं कसतो, पीक घेतो, पण सातबाऱ्यावर त्याचं नाव चढलेलं नसतं. इंपोर्ट ही ती राहून गेलेली फेरफार नोंद आहे. नोंदीने जमिनीत काही उगवत नाही की मरत नाही. पण नोंद न करताच फाइल लिहून अप्लाय मारलंत, म्हणजे ती राबवलीत, तर टेराफॉर्मच्या लेखी ती वस्तू अस्तित्वातच नसते आणि ते तिच्या शेजारी दुसरी बनवायला निघतं.

ही नोंद करण्याची आज्ञा टेराफॉर्मच्या ०.७ या आवृत्तीत, ऑगस्ट २०१६ मध्ये आली. मुंबई रीजन सुरू झाल्यावर महिन्याभराने. ती एका वेळी एकच वस्तू घ्यायची आणि फक्त स्टेट फाइलीत लिहायची. कोड तुम्ही लिहायचा, स्वतः, कन्सोलमधला एकेक रकाना वाचून. आणि प्रत्येक वस्तूला हाक मारायची रीत वेगळी. बकेट त्याच्या नावाने, सर्व्हर ‘आय’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाने, रूट ५३ मधली नोंद झोनचा आयडी, नाव आणि प्रकार अंडरस्कोरने जोडून, रोलला लावलेली पॉलिसी रोलचं नाव, तिरकी रेघ आणि पुढे पॉलिसीचा अख्खा एआरएन असं मिळून. फेब्रुवारी २०२२ मध्ये टेराफॉर्मच्या अ‍ॅमेझॉनसाठीच्या प्रोव्हायडरची चौथी आवृत्ती आली आणि बकेट एक उरलं नाही: व्हर्जनिंग, एन्क्रिप्शन, लाइफसायकलचे नियम, एसीएल यांच्या स्वतंत्र वस्तू झाल्या. एक बकेट उतरवायचं तर पाच-सहा नोंदी. हे काम ज्यांनी केलं त्यांच्याकडे दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. नवं फीचर नाही, वेग वाढला नाही, बिल कमी झालं नाही. आठवड्याच्या मीटिंगमध्ये सांगायला एवढंच: जे होतं ते आहे, फक्त आता लिहिलेलं आहे.

नंतर सोयी आल्या. क्लाउडफॉर्मेशनने नोव्हेंबर २०१९ मध्ये जुनी साधनं आपल्या स्टॅकमध्ये घेण्याची वाट उघडली. टेराफॉर्मच्या १.५ मध्ये, जून २०२३ ला, इंपोर्ट ब्लॉक आला. म्हणजे इंपोर्टसुद्धा आता कोडमध्ये लिहायचं, प्लॅनमध्ये, म्हणजे काय बदलेल ते आधी दाखवणाऱ्या यादीत, बघायचं, दुसऱ्याकडून तपासून घ्यायचं. आणि सोबत कोडचा कच्चा मसुदा यंत्राकडूनच काढून घेता येऊ लागला. पुढच्या जानेवारीत, १.७ मध्ये, एकाच ब्लॉकमधून अनेक वस्तू घेता येऊ लागल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशिकॉर्पने परवाना बदलला, त्यातून लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली ओपनटोफू निघालं, आणि तिथेही इंपोर्ट ब्लॉक चालतो. आज हाताने कोड लिहिणाऱ्याला म्हणूनच दुप्पट मूर्ख ठरवतात: यंत्र लिहून देतंय ना?

यंत्र लिहून देतं, आणि ते जरूर घ्यावं. पण यंत्राचा मसुदा पाहिलात तर त्यात सगळंच असतं. कुणी कधी न निवडलेल्या मूळ किमती, रिकामे रकाने, एकमेकांशी न पटणाऱ्या दोन सेटिंग्ज, आणि नात्यांच्या जागी नुसते क्रमांक. सबनेट ज्या नेटवर्कचा आहे त्याचं नाव नाही, त्याचा क्रमांक ठोकलेला. वर सांगितलेले ३०० सेकंद त्यातही येतात, पण मूळ किमतींच्या गर्दीत, त्यांच्यासारखेच. यातली कुठली ओळ कुणीतरी विचार करून लिहिली आणि कुठली नुसती आली, हे यंत्राला कळत नाही. ते कळणारा माणूस ओळीमागून ओळ वाचत बसतो, मूळ किमती काढून टाकतो, क्रमांकांच्या जागी नावं जोडतो आणि ३०० समोर कॉमेंट लिहितो: महिनाअखेरीचा रिपोर्ट. माझ्या मते सगळ्या इंपोर्टमध्ये जपून ठेवण्यासारखी ओळ तीच.

सगळंच उतरवून घ्यावं असंही नाही, हेही हाच माणूस जाणतो. ऑटोस्केलिंग ग्रुपने स्वतः जन्माला घातलेले सर्व्हर इंपोर्ट करू नयेत. त्यांचा मालक ग्रुप आहे, तो त्यांना उद्या बदलेल आणि तुमची स्टेट फाइल नसलेल्या सर्व्हरांची यादी धरून बसेल. कुबरनेटिसच्या कंट्रोलरने बनवलेल्या लोड बॅलन्सरचंही तसंच. पुढच्या महिन्यात बंद व्हायची ठरलेली वस्तू लिहून घेण्यात अर्थ नाही.

नोंदीचे ब्लॉक लिहून झाले की प्लॅन मारायचा. इथे या मूर्खाचा खरा गुण दिसतो, तो म्हणजे वाचण्याचा संथपणा. त्याला हवी असते एकच ओळ: अमुक टू इंपोर्ट, ० टू अ‍ॅड, ० टू चेंज, ० टू डिस्ट्रॉय. ती पहिल्या फटक्यात कधीच येत नाही. येतात त्या बदलांच्या याद्या, आणि त्यांतल्या एखाद्या वस्तूच्या आधी वजा-तिरकी रेघ-अधिक अशी खूण असते आणि तिच्या बदललेल्या ओळीच्या शेवटी ‘फोर्सेस रिप्लेसमेंट’ असे दोन शब्द. अर्थ असा की ही वस्तू पाडून नवी बांधली जाईल. सर्व्हरची इमेज कोडमध्ये ‘सगळ्यात ताजी घे’ अशी लिहिली की हेच होतं. प्रत्यक्षातला सर्व्हर २०१९ मधल्या इमेजवर उभा आहे, ताजी इमेज वेगळी, म्हणून सर्व्हर बदला. कोड लिहिणाऱ्याचा हेतू चांगला होता. प्लॅन हेतू वाचत नाही. दोनशे ओळींच्या प्लॅनमध्ये हे दोन शब्द शोधणारा माणूस स्क्रीनवर बोट ठेवून वाचत असेल तर त्याला हसू नये.

आरडीएसच्या डेटाबेसचं इंपोर्ट मला या साऱ्यात सगळ्यात जोखमीचं वाटतं. डेटाबेसचा मास्टर पासवर्ड एपीआय कधीच परत देत नाही, त्यामुळे इंपोर्टनंतर स्टेटमध्ये तो नसतो. कोडमध्ये ती जागा भरावी म्हणून कुणी तात्पुरता काहीतरी पासवर्ड लिहितो. प्लॅनमध्ये एक साधा बदल दिसतो, जागच्या जागी होणारा, पाडापाडी नाही, लाल काही नाही. अप्लाय मारलं की खरा पासवर्ड बदलून तो तात्पुरता होतो आणि अ‍ॅप्लिकेशन डेटाबेसबाहेर पडतं. शिवाय कोडमधून दिलेला पासवर्ड नेहमीच्या पद्धतीने स्टेट फाइलीत उघड्या अक्षरांत उतरतो. म्हणून तिथे ‘इग्नोर चेंजेस’ लावावं, किंवा पासवर्ड सांभाळण्याचं काम सीक्रेट्स मॅनेजरकडे नीट ठरवून सोपवावं. आणि डेटाबेसला ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लावून निर्धास्त होऊ नये. ते वाक्य तो ब्लॉक फाइलीत असेपर्यंतच राखण करतं. कुणी अख्खा ब्लॉकच काढून टाकला तर राखणदारही त्याच्याबरोबर गेला. अ‍ॅमेझॉनच्या बाजूचं डिलीशन प्रोटेक्शन वेगळं आहे, ते चालू आहे का ते आधी पाहावं.

दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी पहिला समास मूर्खाच्या लक्षणांना दिला आहे आणि दहावा पढतमूर्खाच्या. दोघांना वेगवेगळे समास दिले, कारण पढतमूर्ख अडाणी नसतो. त्याने सगळं वाचलेलं असतं, तो इतरांना सांगतही असतो. आमच्या धंद्यातला पढतमूर्ख मला ठाऊक आहे. तो इंपोर्ट करतानाच सुधारणा करतो. हाती घेतलंच आहे तर नावं नीट करू, टॅग एकसारखे लावू, डेटाबेसचं इंजिन वरच्या आवृत्तीला नेऊ, २२ नंबरचं पोर्ट बंद करू, सगळं एकाच बदलात. यातली प्रत्येक सुधारणा योग्य आहे. पण आता प्लॅनमध्ये चाळीस बदल आहेत, आणि त्यांतले कुठले आपण मुद्दाम केले आणि कुठले जुनी वस्तू चुकीची उतरवून घेतल्यामुळे आले, हे कुणालाच सांगता येत नाही. शून्य बदल दाखवणारा प्लॅन हा उतारा बरोबर असल्याचा एकमेव पुरावा असतो. सुधारणेने तो पुरावाच नष्ट केला.

लाँच-विझार्ड-१ वरच पाहा. हे नाव कोडमध्ये पाहवत नाही म्हणून पढतमूर्ख ते बदलून ‘वेब-प्रॉडक्शन’ करतो. सिक्युरिटी ग्रुपचं नाव अ‍ॅमेझॉनमध्ये बदलता येत नाही, वर्णनही नाही. बदलायचं म्हणजे ग्रुप पाडून नवा बनवायचा. पण ग्रुप तर चालू सर्व्हरला लागलेला आहे, त्यामुळे तो पाडू दिला जात नाही. टेराफॉर्म वाट पाहत बसतं, मिनिटांमागून मिनिटं, आणि शेवटी चूक दाखवून थांबतं. काम अर्धं झालेलं आणि अर्धं राहिलेलं. साधा मूर्ख प्रत्यक्षातलं नाव तसंच ठेवतो. कोडमधलं त्याचं आतलं नाव तो हवं तसं देतो, ते त्याच्या हातात आहे आणि उद्या ‘मूव्ड’ ब्लॉकने बदलताही येतं. लाँच-विझार्ड-१ फाइलीत राहतो, वर्णनातल्या त्या रात्रीच्या वेळेसकट.

आणि उघडं पोर्ट? तेही तो उघडंच लिहितो. ०.०.०.०/० असं, स्वच्छ, कोडमध्ये, सगळ्यांना दिसेल असं. तपासणारा विचारतो, हे आपण गिटमध्ये टाकणार? हो, टाकणार, कारण ते आज खरं आहे. हा बदल मंजूर होतो, प्लॅन शून्य दाखवतो, आणि लगेच पुढचा बदल फक्त ती एक ओळ काढतो. काय बंद झालं, केव्हा, कुणी केलं, हे आता नव्वद दिवसांनी पुसलं जाणार नाही. अपवाद एकच मान्य करावा. डेटाबेसचं पोर्ट जगाला उघडं सापडलं तर कोडची वाट पाहू नये. आधी कन्सोलमध्ये जाऊन हाताने बंद करावं, मग लिहून घ्यावं. अशा वेळी बटण दाबणाराच शहाणा.

लाजिरवाणी गोष्ट आहे तशी लिहायला धीर लागतो. कोडच्या रिव्ह्यूमध्ये आपण जे लिहितो त्यावरून लोक आपल्याला जोखतात, आणि इंपोर्ट करणाऱ्याच्या नावावर दुसऱ्याने आठ वर्षांपूर्वी केलेल्या सगळ्या गोष्टी चढतात. ‘टेस्ट-टू-फायनल’ नावाचा प्रॉडक्शनचा सर्व्हर. कुणालाच माहीत नसलेला सबनेट. गिट ब्लेम मारला की आता या माणसाचं नाव येणार. ते तो पत्करतो. मला हे आमच्या धंद्यातलं फार मोठं औदार्य वाटतं आणि त्याची पगारवाढीच्या वेळी नोंद व्हावी असं मनापासून वाटतं.

एवढं सगळं झाल्यावर काही ठिकाणी ठरवतात की आता कन्सोल सगळ्यांना फक्त वाचण्यापुरता ठेवायचा. बहुतेक दिवशी ते ठीक आहे. पण रात्री दोन वाजता ऑटोस्केलिंग ग्रुपची कमाल मर्यादा ६ आहे, सहाही सर्व्हर धापा टाकत आहेत, आणि बदल मंजूर करणारा झोपलेला आहे, तेव्हा ड्यूटीवरच्या माणसाला कन्सोलमध्ये जाऊन ६ चे १२ करण्याची मुभा हवी. अडचणीच्या वेळचा तो वेगळा रोल ठेवावा, त्याच्या वापराची नोंद व्हावी, पण तो असावा. त्याने ते केलं तर त्याने साइट वाचवली.

धोका सकाळचा आहे. कोडमध्ये अजून ६ आहे. दहा वाजता दुसऱ्याच कुणाचा, दुसऱ्याच कामाचा छोटासा बदल मंजूर होतो, पाइपलाइन अप्लाय मारते, आणि जाताजाता १२ चे पुन्हा ६ करते. म्हणून पहिला माणूस ऑफिसात आल्यावर, कुठलाही बदल पुढे जाण्याआधी, ‘रिफ्रेश-ओन्ली’ प्लॅन मारून रात्री काय हललं ते पाहावं, कोडमध्ये १२ लिहावेत, आणि रात्रपाळीचा माणूस झोपून उठला की ते १२ च का, आठ किंवा वीस का नाहीत, हे त्याला विचारून त्याच ओळीशेजारी लिहावं.